रक्तात तांबं कमी, मग तांब्याची गोळी का नको?

पत्र: माझं वय २६. लग्नाला दोन वर्षं झाली, आता बाळाचा विचार चालू आहे. गेल्या वर्षभरात माझ्या १९ वर्षांच्या भावाचं अक्षर बिघडत गेलं. पूर्वी इतकं वळणदार लिहायचा, ते बारीक आणि वाकडंतिकडं व्हायला लागलं. मग बोलणं जड झालं, चिडचिड वाढली, एका परीक्षेला तर तो बसलाच नाही. घरच्यांना वाटलं, अभ्यास टाळतोय. मनावरच्या गोळ्याही देऊन झाल्या. शेवटी न्यूरॉलॉजिस्टनी डोळे तपासायला पाठवलं आणि ‘विल्सन्स डिसीज’ असं निदान झालं. या आजारात शरीरात तांबं साठतं म्हणे. डॉक्टर म्हणाले, भावंडांनाही तपासा. मी रक्त दिलं, तर उलटंच निघालं. सीरम कॉपर ६२ (लॅबची खालची मर्यादा ७०) आणि सिरुलोप्लाझ्मिन, म्हणजे रक्तातून तांबं वाहून नेणारं प्रथिन, १६ (मर्यादा २०). दोन्ही कमी! घरात सगळ्यांना हायसं वाटलं, की हिला तो आजार नाही, हिच्यात तर तांबं कमीच आहे. नात्यातल्या एकांनी रोज घ्यायची २ मिलिग्रॅम तांब्याची गोळीही आणून दिली. दोन आठवडे घेते आहे. आई मात्र स्वतःला दोष देत बसली आहे. स्वयंपाकघरातल्या तांब्याच्या भांड्यांमुळेच हे झालं, असं तिच्या डोक्यात पक्कं बसलं आहे. गोळी चालू ठेवू का? भाऊ पूर्वीसारखा होईल का? बाळाचं काय करावं? मला स्वतःला कसलाही त्रास नाही. धाकटी बहीण ११ वर्षांची आहे, तीही ठणठणीत आहे.
– एक बहीण

उत्तर:

गोळी आजच बंद करा. उरलेली पाकिटं कुणाला देऊही नका.

आणि घाबरू नका. दोन आठवड्यांत २८ मिलिग्रॅम तांबं पोटात गेलं, त्यातलं थोडंच शरीरात शिरलं असणार. तेवढ्यानं काही बिघडलं असण्याची शक्यता फार कमी. पण तुमचा रिपोर्ट ज्या अर्थानं वाचला गेला तो अर्थ बरोबर नाही, आणि त्या भरवशावर तुम्ही पुढच्या तपासण्या टाळल्या असत्या तर ते महागात पडलं असतं. विल्सन्स डिसीज असलेल्या बहुतेक माणसांच्या रक्तातलं एकूण तांबं कमीच येतं. म्हणजे ज्या आकड्यामुळे घरच्यांनी सुटकेचा श्वास टाकला, तोच आकडा माझ्या दृष्टीनं तुमची पुढची तपासणी लवकर करण्याचं कारण आहे.

हे विचित्र वाटतं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

मोठ्या माणसाच्या सबंध शरीरात तांबं असतं जेमतेम १०० मिलिग्रॅमच्या आसपास. रोजची गरज ०.९ मिलिग्रॅम. इतकं थोडं, पण त्याच्यावाचून अडतं फार. पेशींमध्ये ऊर्जा तयार होते तिथल्या शेवटच्या टप्प्यावरच्या एन्झाइमला तांबं लागतं. लोखंड एका जागेवरून दुसरीकडे न्यायला, हाडं आणि रक्तवाहिन्यांमधले धागे घट्ट विणायला, केसांना आणि त्वचेला रंग यायला, मेंदूतली काही रसायनं बनवायला, सगळीकडे तांबं. मात्र सुटं, मोकळं तांबं पेशीला चालत नाही. ते आसपासच्या चरबीवर आणि प्रथिनांवर घाव घालत सुटतं. त्यामुळे शरीर तांब्याला कधी एकटं सोडत नाही, कुठल्या ना कुठल्या प्रथिनाच्या हाती देऊनच फिरवतं.

आतड्यातून शोषलेलं तांबं आधी लिव्हरमध्ये येतं. तिथे एटीपी-७-बी नावाचं एक प्रथिन असतं आणि त्याच्याकडे दोन कामं असतात. एक, तांबं सिरुलोप्लाझ्मिनमध्ये भरून रक्तात पाठवायचं. दुसरं, जास्तीचं तांबं पित्तातून बाहेर टाकायचं. शरीराला तांबं काढून टाकायची मोठी वाट तेवढीच, लघवीतून जातं ते नगण्य. विल्सन्स डिसीजमध्ये या प्रथिनाचं जनुक दोन्ही बाजूंनी, म्हणजे आईकडून आलेलं आणि वडिलांकडून आलेलं, बिघडलेलं असतं. मग दोन्ही कामं एकदम अडतात. पित्तातून तांबं जात नाही, ते लिव्हरमध्ये साचत राहतं. सिरुलोप्लाझ्मिन रिकामंच बाहेर पडतं, आणि रिकामं सिरुलोप्लाझ्मिन रक्तात फार वेळ टिकत नाही. रक्तातलं ९० टक्के तांबं याच प्रथिनात बसलेलं असतं. प्रथिन घटलं की रक्तातला तांब्याचा आकडाही खाली येतो. रस्त्यावर ट्रक दिसत नाहीत म्हणून गोदाम रिकामं आहे असं कुणी म्हणावं, आणि गोदामाची दारं मात्र मालानं फुगलेली असावीत, तसा हा प्रकार. लिव्हर भरलं की तांबं तिथून सांडतं आणि मेंदूत, डोळ्यांत, मूत्रपिंडात जाऊन बसतं. तुमच्या भावाचं झालं ते हे.

म्हणून सीरम कॉपर ही तपासणी एकटी करून तिच्यावरून निष्कर्ष काढणं मला मुळीच पसंत नाही. हल्ली तपासण्यांच्या मोठाल्या पॅकेजमध्ये ती आपोआप येते, आकड्यापुढे लाल बाण छापलेला असतो, आणि बाण खाली दिसला की कुणीतरी गोळी सुचवतंच. तांबं रक्तात किती आहे यापेक्षा ते शरीरात कुठे आहे हे महत्त्वाचं, आणि ते त्या बाणावरून कळत नाही.

आता तुमचे आकडे. १६ हे सिरुलोप्लाझ्मिन ना इकडचं ना तिकडचं. १० च्या खाली आलं असतं तर संशय फार बळावला असता. १० ते २० च्या मधल्या पट्ट्यात आजारी माणसंही सापडतात आणि निव्वळ वाहक असलेलीही. वाहक म्हणजे ज्यांचं एकच जनुक बिघडलेलं आहे अशी माणसं. त्यांना हा आजार होत नाही, आयुष्यभर औषध लागत नाही, पण त्यांच्यातल्या पाचातल्या साधारण एकाचं सिरुलोप्लाझ्मिन कमी येतं. तुमचे आईवडील दोघंही वाहक असणार हे भावाच्या निदानावरूनच उघड आहे. अशा जोडप्याच्या प्रत्येक अपत्याला आजार असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि दोन्ही जनुकं चांगली असण्याची २५ टक्के. तुमचा १६ हा आकडा पाहता तिसरा गट जरा मागे पडतो. पहिल्या दोघांतलं तुम्ही कोण, हे या रिपोर्टवरून मी सांगू शकत नाही आणि दुसरं कुणीही सांगू शकणार नाही.

इंटरनेटवर तुम्हाला एक गणित सापडेल: सिरुलोप्लाझ्मिनला ३.१५ नं गुणायचं आणि ते उत्तर एकूण तांब्यातून वजा करायचं, म्हणजे ‘मोकळं’ तांबं मिळतं. तुमच्या बाबतीत १६ गुणिले ३.१५ म्हणजे सुमारे ५०, ६२ मधून वजा जाता १२ उरतात. १५ च्या आत आहे, म्हणजे छानच की! पण या गणितावर विसंबू नका. दोन वेगवेगळ्या तपासण्यांमधल्या बारीकसारीक चुका त्यात एकत्र येतात. कधीकधी उत्तर शून्याच्याही खाली जातं, आणि शून्याहून कमी तांबं तर कुणाच्याच अंगात नसतं.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही. रक्त दिलं तेव्हा गर्भनिरोधक गोळ्या चालू होत्या का? त्यांतल्या इस्ट्रोजेननं सिरुलोप्लाझ्मिन वाढतं. गरोदरपणात वाढतं, अंगात कुठे सूज किंवा संसर्ग असला तरी वाढतं. तसं काही असेल तर तुमचा खरा आकडा १६ पेक्षा खाली असू शकतो. डॉक्टरांना हे न विचारताच सांगा.

तुमच्या बाबतीत सगळ्यात सरळ वाट म्हणजे जनुकाची तपासणी. एरवी ही तपासणी किचकट असते, कारण एटीपी-७-बी जनुकात शेकड्यांनी वेगवेगळे बिघाड सापडलेले आहेत. पण घरात एकाचं निदान झालेलं असलं की काम सोपं होतं. भावाचे दोन बिघाड नेमके कोणते ते आधी शोधायचे आणि तेच दोन तुमच्यात आहेत का एवढंच पाहायचं. दोन्ही सापडले तर आजार आहे, एक सापडला तर तुम्ही वाहक, एकही नाही तर विषय संपला. भावाची जनुक तपासणी झाली नसेल तर आधी ती करून घ्या. ती त्याच्यासाठी कमी आणि तुम्हा दोघी बहिणींसाठी जास्त आहे.

तोवर बाकीच्या तपासण्या थांबवायच्या नाहीत. लिव्हरचं रक्त आणि पोटाची सोनोग्राफी होईलच. नेत्रतज्ज्ञांकडे स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्रावर, डोळे तपासून घ्या. बुबुळाच्या कडेला सोनेरी-तपकिरी, कधी हिरवट झाक असलेलं कडं दिसतं, ते पारदर्शक पटलाच्या अगदी आतल्या थरात साठलेलं तांबं. आधी वरच्या बाजूला उगवतं, मग खाली, आणि सावकाश दोन्ही टोकं जुळून गोल होतं. गडद डोळ्यांत ते नुसत्या नजरेला दिसत नाही, म्हणून आरशात शोधत बसू नका. मेंदूवर परिणाम झालेल्या जवळजवळ सगळ्यांत हे कडं असतं. ज्यांना काहीच त्रास नाही त्यांच्यात ते नसणंही नेहमीचं. तेव्हा डोळे स्वच्छ निघाले तर आनंद माना, पण पुढचं सोडू नका.

आणि चोवीस तासांची लघवी. ही तपासणी लोक हमखास चुकवतात, म्हणून नीट सांगते. डबा लॅबनं दिलेलाच वापरायचा, घरातली बरणी नको. तो धातूचा अंश राहू नये म्हणून वेगळ्या पद्धतीनं धुतलेला असतो. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्यायची आणि वेळ लिहून ठेवायची, समजा सात वाजता. तिथून पुढची प्रत्येक लघवी डब्यात, रात्रीचीसुद्धा, आणि दुसऱ्या दिवशी सात वाजताची शेवटची तीही डब्यातच. मध्ये एकदा जरी विसरलात तर लॅबला सांगून पुन्हा पहिल्यापासून. अंदाजानं भर घालू नका. पाळीचे दिवस टाळा. सुट्टीचा, घरी असण्याचा दिवस निवडा. त्याच लघवीत क्रिएटिनिन मोजायला सांगितलं की गोळा करणं पूर्ण झालं की नाही याचाही अंदाज येतो. विल्सन्स डिसीजचा त्रास सुरू झालेल्या माणसाच्या चोवीस तासांच्या लघवीत तांबं सहसा १०० मायक्रोग्रॅमच्या वर असतं. त्रास नसलेल्यांत ४० च्या वर गेलं तरी खोलात जाऊन पाहायचं असतं. तुम्ही तांब्याची गोळी घेत होतात हे त्या अर्जावर लिहाच.

हे सगळं एकत्र करून गुण देण्याची एक पद्धत २००१ मध्ये लाइपझिगला झालेल्या आंतरराष्ट्रीय बैठकीत ठरली, आणि आजही जगभर तीच वापरतात. तुमच्या १६ ला तिच्यात एक गुण मिळतो. निदान पक्कं व्हायला चार लागतात. लघवी, डोळे, जनुक यांचे गुण त्यात मिळवले जातात. यातूनही उलगडा झाला नाही तरच लिव्हरचा तुकडा काढून त्यातलं तांबं मोजायची वेळ येते. तुमच्यावर ती बहुधा येणार नाही.

तांब्याची खरीखुरी कमतरता असूच शकत नाही का? असते, आणि तीही दुर्लक्षित आहे. जठराची किंवा वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये, आणि महिनोन्महिने जास्त डोसमध्ये झिंक घेणाऱ्यांमध्ये ती दिसते. झिंकमुळे आतड्याच्या पेशी एक असं प्रथिन बनवतात, की ते तांब्याला धरून ठेवतं. ती पेशी झडली की तांबंही शौचावाटे बाहेर. कृत्रिम दात बसवायच्या क्रीममधल्या झिंकनं काही माणसांची चाल बिघडल्याचं २००८ मध्ये डॉक्टरांनी नोंदवलं. ती दिवसाला कितीतरी क्रीम वापरत होती. खऱ्या कमतरतेत रक्तक्षय होतो, पांढऱ्या पेशी घटतात, पाय बधिर होतात, अंधारात तोल जातो. चित्र इतकं बी-१२ च्या कमतरतेसारखं असतं की कित्येकांना आधी बी-१२ ची इंजेक्शनं देऊन होतात. रक्ताचं चित्र पाहून अस्थिमज्जेचा गंभीर आजार ठरवला जातो आणि प्रत्यक्षात तांबं दिल्यावर रक्त सुधारतं. नसांचं नुकसान मात्र पुष्कळदा तितकं भरून येत नाही. म्हणून तुम्हाला विचारायला हवं: पोटाची शस्त्रक्रिया झालीय का? झिंकच्या गोळ्या बरेच महिने घेतल्यात का? साधा सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, कशी आहे? तुम्हाला काहीच त्रास नाही आणि भावाला विल्सन्स आहे, यावरून मला कमतरता फार दूरची वाटते. शिवाय दोन्ही वेगळं ओळखणं अवघड नाही: कमतरतेत लघवीतलं तांबंही कमी असतं, विल्सन्समध्ये ते वाढतं.

विल्सन्सच्या अगदी उलट बाजूचाही एक जनुकीय आजार आहे, मेन्केस. त्यात तांबं आतड्यातच अडकतं, शरीराला मिळतच नाही. तो बहुतेक मुलग्यांना, अगदी बाळपणी होतो. १९६२ मध्ये त्याचं वर्णन झालं तेव्हा तांब्याशी नातं कुणाला ठाऊक नव्हतं. ते लक्षात आलं दहा वर्षांनी, ऑस्ट्रेलियात डेव्हिड डँक्स यांना. या बाळांचे राठ, पिळलेले केस पाहून त्यांना तांबं कमी असलेल्या मेंढ्यांची लोकर आठवली. एकाच धातूचे दोन आजार. एकात वाट आत यायची बंद, दुसऱ्यात बाहेर जायची.

आईंना हे वाचून दाखवा. त्यांच्या भांड्यांनी भावाला आजारी पाडलेलं नाही. ज्याची एटीपी-७-बी जनुकं धड आहेत असा मोठा माणूस आहारातून जास्तीचं आलेलं तांबं पित्तावाटे टाकून देतो. तांब्याच्या भांड्यांनी लिव्हर बिघडल्याची उदाहरणं नाहीत असं नाही, पण ती तान्ह्या मुलांची आहेत. ऑस्ट्रियातल्या टिरोलमध्ये १९०० ते १९७४ या काळात १३८ बाळं लिव्हर सिऱ्होसिसनं दगावली. त्यांना कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यांत तापवलेलं गाईचं दूध दिलं जात होतं. भांडी बदलली आणि आजार नाहीसा झाला. भारतातही बाळांमधल्या अशाच सिऱ्होसिसचा संबंध तांब्या-पितळेच्या भांड्यांतल्या दुधाशी लावला गेला. जन्मतः बाळाच्या लिव्हरमध्ये मुळातच तांब्याचा मोठा साठा असतो आणि पित्तातून टाकायची क्षमता अजून पुरती आलेली नसते, त्यात हे दूध. तुमचा भाऊ १९ वर्षांचा आहे आणि त्याचं कारण दोन जनुकांत आहे. एक आईकडून आलं, एक वडिलांकडून. देताना दोघांनाही ठाऊक नव्हतं, ठाऊक असण्याचा काही मार्गही नव्हता. जगात सुमारे ९० माणसांमागे एक असा वाहक फिरतो आहे. मात्र आता निदान झालंय म्हटल्यावर भावानं तांब्याच्या भांड्यातलं पाणी पिऊ नये आणि लिव्हर व शिंपल्यातले जलचर खाऊ नयेत. सुकामेवा, चॉकलेट आणि मशरूम पहिल्या वर्षात तरी बेतानं. त्याहून पथ्याचा बाऊ नको. नुसत्या पथ्यानं हा आजार आटोक्यात येत नाही.

भाऊ पूर्वीसारखा होईल का? पुष्कळ सुधारतात, काही अगदी पूर्वपदावर येतात, काहींच्या हाताचा किंवा बोलण्याचा थोडा दोष राहून जातो. किती उशिरा उपचार सुरू झाले यावर बरंच अवलंबून असतं. १९१२ मध्ये लंडनच्या किनियर विल्सन यांनी हा आजार लिहून ठेवला तेव्हा तो हमखास जीव घ्यायचा. त्या रुग्णांच्या लिव्हरमध्ये आणि मेंदूत तांबं साठतं हे १९४८ मध्ये जॉन कमिंग्ज यांनी दाखवलं. १९५६ मध्ये जॉन वॉल्श यांनी पेनिसिलमाइन आणलं. ते तांब्याला धरून लघवीवाटे बाहेर काढतं. पुढे त्याच कामाचं ट्रायेन्टिन आलं, आतड्यातच तांबं अडवणारं झिंक आलं. (होय, ज्या झिंकनं एकाला कमतरता होते तेच दुसऱ्याचं औषध.) आता हा आजार औषधांनी काबूत राहणाऱ्या मोजक्या जनुकीय आजारांपैकी एक आहे.

दोन गोष्टींसाठी मनाची तयारी ठेवा. पहिल्या काही आठवड्यांत औषधानं भावाचा कंप किंवा बोलणं आणखी बिघडू शकतं. असं झालं तर स्वतःहून औषध थांबवू नका, लगेच न्यूरॉलॉजिस्टना कळवा. डोस सावकाश चढवणं किंवा औषध बदलणं हे त्यांच्या हातात आहे. सुधारणा महिन्यांच्या हिशेबानं येते, दिवसांच्या नाही. दुसरी गोष्ट जास्त गंभीर. वर्षा-दोन वर्षांनी तो बरा दिसायला लागेल, आणि तेव्हाच गोळ्या सोडायचा मोह होईल, त्यालाही आणि घरच्यांनाही. हे औषध जन्मभराचं आहे. मध्येच सोडलेल्यांचं लिव्हर काही महिन्यांत अचानक निकामी झालेलं आहे, आणि मग प्रत्यारोपणाशिवाय पर्याय उरत नाही. गोळ्या उपाशीपोटी, जेवणापासून अंतर ठेवून घ्यायच्या. दोन औषधं असतील तर एकत्र नाहीत, नाहीतर ती एकमेकांनाच धरून बसतात. आणि एक सांगू? अभ्यास टाळतोय म्हणून त्याला जे ऐकून घ्यावं लागलं, त्याबद्दल घरातल्या कुणीतरी त्याच्याशी बोला. चिडचिड, उदासी, वागण्यातला बदल ही या आजाराची लक्षणंच आहेत. कित्येकदा ती कंपाच्याही आधी येतात.

‘मला काहीच त्रास नाही’ हे तुमचं वाक्य मला दिलासा देत नाही. लिव्हर वर्षानुवर्षं मुकाट सोसतं. बहुतेकांना हा आजार ५ ते ३५ या वयात जाणवतो, पण साठीनंतरही निदान झालेले लोक आहेत. उलट तुमच्यात आजार निघालाच तर तो त्रास सुरू होण्याआधी सापडलेला असेल. अशांना नियमित औषधानं पुढेही सहसा काही होत नाही. तुमच्या भावाला ही संधी मिळाली नाही.

बाळाचा विचार सोडायचं कारण नाही, दोन-तीन महिने पुढे ढकला एवढंच. आधी तुमचं चित्र स्पष्ट होऊ दे. तुम्ही वाहक निघालात तर बाळाला आजार असण्याची शक्यता साडेतीनशेत एकाच्या आसपास. तुम्हालाच आजार असेल तरी ती दोनशेत एक इतकीच, कारण त्यासाठी नवऱ्यानंही वाहक असावं लागतं. पतीपत्नी नात्यातले असाल तर मात्र हे आकडे लागू नाहीत, आणि मग त्यांचीही तपासणी आधी. आजार असलेल्या बायका व्यवस्थित आई होतात. औषध गरोदरपणात बंद करायचं नसतं. झिंक तसंच चालू ठेवतात, पेनिसिलमाइन किंवा ट्रायेन्टिन असेल तर डॉक्टर डोस कमी करतात. औषधाखाली आजार स्थिर झाल्यावर दिवस राहिलेले बरे. आणि तपासणी आधीच हवी, कारण ती न होता गरोदर राहिलात तर सिरुलोप्लाझ्मिनचा आकडा आपोआप चढेल आणि निदान आणखी गोंधळाचं होईल.

राहिली धाकटी बहीण. पत्रात तुम्ही तिला शेवटच्या ओळीत, ठणठणीत म्हणून उरकून टाकलंत. तिची शक्यताही चारात एक आहे, आणि तिचं तर अजून रक्तही घेतलेलं नाही. अकरावं वर्ष म्हणजे या आजारात लिव्हर आतून पोखरायला लागण्याचंच वय. तिला विल्सन्स असेल तर एएलटी हे लिव्हरचं एन्झाइम रक्तात थोडं वाढलेलं असण्याखेरीज कदाचित काहीही दिसणार नाही. भावाचा जनुकाचा रिपोर्ट हातात आला की तुम्हा दोघींचं रक्त एकाच वेळी पाठवा. तिचं सिरुलोप्लाझ्मिन, लिव्हरच्या तपासण्या आणि डोळे मात्र याच आठवड्यात करून घ्या, त्यासाठी जनुकाच्या रिपोर्टची वाट पाहायची गरज नाही.